मोकळं बोलू : "बायल्या म्हणतात त्याला, काय करू?"

मागच्या अंकात "पुरुषासारखा पुरुष" या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून इतके प्रश्न आले की निवडतानाच दोन दिवस गेले. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच शब्द होता, बायल्या. कुणाच्या मुलाला म्हटलेला, कुणाच्या नवऱ्याला, कुणाला स्वतःलाच. म्हणून आधी तोच घेतो.

"दादा, माझा मुलगा आठवीत आहे. शाळेच्या गॅदरिंगला तो लावणीवर नाचला, नऊवारी मीच नेसवली होती. टाळ्या खूप पडल्या. पण दुसऱ्या दिवसापासून वर्गातली पोरं त्याला बायल्या म्हणतात, त्याच्यासमोर टाळ्या वाजवून दाखवतात. त्याचे पप्पा म्हणतात डान्सचा क्लास बंद, आता तालीम. सासूबाई म्हणतात मीच त्याला बिघडवलं. पोरगं आता आरशासमोरसुद्धा नाचत नाही. माझं चुकलं का?" – एक आई, इस्लामपूर

ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. आणि पोरगं आरशासमोर नाचत नाही हे वाचून माझ्या पोटात कालवलं हेही सांगतो.

बालगंधर्वांचं गाव नागठाणे, तुमच्याच सांगली जिल्ह्यातलं. १९११ ला 'मानापमान' आलं त्यात ते भामिनी, १९१६ ला 'स्वयंवर'मध्ये रुक्मिणी, १९१९ ला 'एकच प्याला'त सिंधू. त्या काळातल्या पुण्या-मुंबईच्या चांगल्या घरच्या बायका त्यांच्यासारखी साडी नेसायच्या, त्यांच्यासारखे केस बांधायच्या, म्हणजे बाईने कसं दिसावं हे बायका एका पुरुषाकडे बघून शिकत होत्या. १९६४ ला पद्मभूषण मिळालं, पुण्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या थिएटरला त्यांचं नाव आहे. तुमच्या मिस्टरांना विचारा, बालगंधर्वांबद्दल ते कसं बोलतात. आदरानेच बोलतील, मला खात्री आहे.

मग त्याच जिल्ह्यातल्या एका तेरा वर्षांच्या पोराला नऊवारी नेसली म्हणून का छळतात? मी यावर बरीच वर्षं विचार केलाय आणि मला असं वाटतं की बालगंधर्व स्टेजवर पूर्ण बाई व्हायचे, ती पण कुलीन, नायकाची नायिका, आणि प्रेक्षक त्या बाईवर भाळायचे. पण तमाशातला नाच्या बघा, तो पुरुषच राहतो आणि बाईसारखा लचकतो, आणि तिथं भाळणं संपून हसणं सुरू होतं. गणपत पाटलांनी मराठी तमाशापटांत वर्षानुवर्षं नाच्या केला, लोक पोट धरून हसले, आणि त्याच लोकांनी पडद्याबाहेर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना त्या भूमिकेवरून टोचून खाल्लं. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा पण असाच, पैलवानासारखा गडी, तमाशापायी वेडा, फडाला नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः उभा राहतो, आणि मग त्याच्या वाट्याला काय काय येतं ते २०१० च्या सिनेमात तुम्ही पाहिलं असेल. नसेल पाहिला तर आधी तुम्ही दोघं बघा, पोराला दाखवायचा की नाही ते नंतर ठरवा, कारण त्यात काही गोष्टी फार अंगावर येणाऱ्या आहेत.

आता त्या शिवीकडे जरा नीट बघा. बायल्या, हातात बांगड्या भर, लुगडं नेस. ह्या सगळ्यात बाई हीच शिवी आहे. म्हणजे ज्या वर्गात तुमच्या पोराला हे म्हणतात त्याच वर्गात वीस-पंचवीस मुली बसलेल्या असतात आणि त्यांना रोज फुकटात ऐकवलं जातंय की तुमच्यासारखं असणं म्हणजे कमीपणा. क्लासटीचरशी बोलाल तेव्हा हा मुद्दा नक्की काढा. फक्त "माझ्या मुलाला चिडवतात" म्हटलं की मुलं आहेत चालायचंच असं उत्तर येतं, हे मला अनेक आयांनी कळवलंय. आणि टाळ्या वाजवून दाखवतात ती तृतीयपंथी माणसांची टिंगल आहे, तेही टीचरना सांगा.

आमचे आजोबा वारकरी. झुबकेदार मिशी, हातात काठी, भावकीत त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर वारीला गेलो होतो. दुपारचा विसावा होता, भाकरी खाऊन झाल्या होत्या, आणि एकदम टाळ वाजायला लागले तसे आजोबा उठले, धोतर वर खोचलं, समोरच्या दुसऱ्या म्हाताऱ्याचे हात धरले आणि गरागरा फुगडी. टोपी उडाली, एक चप्पल कुठल्या कुठे गेली, चेहरा लाल झालेला आणि हसतायत लहान मुलासारखे. फुगडी संपली तसे दोघं एकमेकांच्या पाया पडले आणि एकमेकांना म्हणाले "माउली". दोन मिशीवाले म्हातारे, एकमेकांना आई म्हणतायत. ज्ञानेश्वर माउली, विठ्ठल म्हणजे विठाई. तुमच्या सासूबाईंना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, त्यांना विचारा वारीतल्या फुगडीबद्दल, त्या सांगतील नातवाला.

आणि 'श्यामची आई' घरात असेलच. पहिलीच रात्र. आई तापाने अशक्त झालेली, वडाच्या प्रदक्षिणा तिच्याने होत नाहीत म्हणून ती श्यामला सांगते तू घाल. श्यामला लाज वाटते, सगळ्या बायका असणार, पोरं हसणार. आई त्याला समजावते की चांगलं काम करताना लाजायचं नाही. तो जातो. हे पुस्तक आपण पिढ्यान्पिढ्या मुलांना वाचायला देतो, त्यावर रडतो, आणि आपलाच श्याम नाचला की त्याला तालमीत टाकायला निघतो.

त्याच्या पप्पांना एवढंच सांगा की तालीम वाईट नाही, त्याला आवडली तर जाऊ दे, पण नाचाची शिक्षा म्हणून नको. शिक्षा म्हणून पाठवलेलं पोरगं तालमीतही मार खाईल आणि घरी सांगणार नाही. अजून एक, जे तुम्ही लिहिलं नाहीये पण मला वाटतं घरात सगळ्यांच्या मनात आहे. लावणी नाचून कुणी समलिंगी होत नाही की तृतीयपंथी होत नाही, आणि तुमचा मुलगा मोठेपणी वेगळा निघालाच तर ते नाचामुळे नसेल आणि तो तेव्हाही तुमचाच मुलगा असेल. आत्ता तो फक्त एक नाचणारं पोरगं आहे ज्याचा नाच थांबलाय. त्याच्या खोलीत गाणं लावा आणि तुम्ही नाचा. तो येतो की नाही बघा, बोलवू नका.

"मी आणि बायको दोघंही आयटीत. घरी मी पोळ्या सोडून सगळं करतो. पण गावाहून आई आली की बायकोच मला किचनमधून बाहेर काढते, म्हणते आईंसमोर नको, त्या मलाच बोलतील. आई गेली की परत सगळं नॉर्मल. मला हे खोटं खोटं वाटतं पण काय करू कळत नाही." – पिंपरीचा वाचक

तुझं पत्र वाचून मला आमची चाळीतली खोली आठवली. बाबा मिलमध्ये होते. मी चौथीत असताना आईचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि महिनाभर तिला वाकायची बंदी. बाबांनी भाकरी शिकून घेतली. आई कॉटवर पडून सांगायची, पाणी थोडं थोडं घाला, मळताना तळहाताची टाच लावा, आणि बाबा परातीसमोर मांडी घालून बसलेले, मनगटापर्यंत पीठ, हातावरच्या केसांना पीठ. पहिले आठ दिवस भाकरी तव्यावर टाकताना फाटायची, नंतर टम्म फुगायला लागली. पण दार कायम बंद. चाळीत दार दिवसा कुणीच बंद करायचं नाही, आमचंच बंद. आणि कुणी कडी वाजवली की बाबा परात कॉटखाली सारायचे, हात धोतराला पुसायचे आणि मगच दार उघडायचे. एकदा शेजारच्या काकू आल्या, तेव्हा बाबांच्या कानाला पीठ लागलेलं होतं. काकू काही बोलल्या नाहीत पण बाबांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. चोरी पकडल्यासारखा.

याच बाबांचा भाऊ गावात आचारी होता, लग्नात पाचशे माणसांचा स्वयंपाक करायचा, आणि लोक त्याला मानाने बोलवायचे. हॉटेलात, लंगरात, देवळाच्या महाप्रसादाला चुलीपुढे पुरुषच असतात आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पैसे मिळाले, पंगत मोठी असली की तेच काम पुरुषाचं होतं आणि घरातल्या चार माणसांसाठी केलं की दार लावायचं.

२०१९ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत असं आलं होतं की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, आणि पुरुष ९७ मिनिटं, पण ती फक्त जे करतात त्यांची सरासरी, दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात २६ होते. तू त्या सव्वीसमधला आहेस. आई आली की तू बाहेर पडतोस, आणि आईला मात्र असंच दिसतं की मुलगा शंभरातल्या उरलेल्या चौऱ्याहत्तरांसारखाच आहे, म्हणजे सगळं बरोबर चाललंय.

बायकोची भीती खरी आहे, बोलणी तिलाच बसणार, तुला नाही. म्हणून आईशी तू बोलायचंस, तिने नाही. आणि बोलायचं म्हणजे भाषण नको. आई आल्या आल्या पहिल्या सकाळी तूच उठून तिला चहा करून दे, तिच्यासमोर बसून भाजी निवड, तिला म्हण आई तुझ्या हातची ती आमटी मला शिकव. आयांना मुलाने शिकव म्हटलेलं फार आवडतं, माझ्या आईला बाबांना भाकरी शिकवताना जितकं खूश पाहिलं तितकं नंतर क्वचितच पाहिलं. तरी ती सूनबाईला बोललीच तर त्याच क्षणी, तिथंच, बायको समोर असताना बोल की आई हे माझं काम आहे. नंतर बेडरूममध्ये सॉरी म्हणून उपयोग नाही. आणि पोळ्या का सोडल्यास? त्या पण शीक.

"आमच्या घरी रोज रात्री तीन मालिका चालतात. त्यात कटकारस्थानं करणाऱ्या बायका आणि साधेभोळे पुरुष. नात सहावीत आहे, ती परवा म्हणाली बायकाच वाईट असतात ना आजोबा. काय उत्तर द्यावं?" – निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

सर, तुम्ही शिक्षक, तुम्हाला मी काय सांगणार, पण ताराबाई शिंदे तिला सांगा. बुलढाण्याच्या ह्या बाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, सुरतच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेवरून बायकांविरुद्ध जे काय छापून येत होतं ते वाचून पेटून उठल्या होत्या त्या. त्यांचा प्रश्न अगदी तुमच्या नातीच्या प्रश्नासारखाच सरळ आहे, की जे जे दुर्गुण बाईच्या अंगी आहेत म्हणता ते पुरुषाच्या अंगी नाहीत का. त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवतात यावरही त्या तुटून पडल्या. ज्योतिबा फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक जवळजवळ विस्मरणात गेलं, ते १९७५ ला स. गं. मालशांनी परत छापलं. नातीला म्हणा, मालिका बघताना आपण एक वही घेऊ, प्रत्येक एपिसोडला कोण खोटं बोललं आणि त्या वेळी घरातला पुरुष काय करत होता ते लिहू. त्या साध्याभोळ्या पुरुषाच्या नावावरच जमीन, बंगला आणि कंपनी असते हे ती स्वतःच शोधून काढेल.

"दोन सिझेरियन झाली, डॉक्टर म्हणतात आता तुमचं ऑपरेशन नको, मिस्टरांनी नसबंदी करून घ्यावी. ते म्हणतात ताकद जाते, शेतात काम कसं करू, आणि गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही." – नांदेड जिल्हा

ताई, ताकद जात नाही. बिनटाक्याची नसबंदी असते, जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते, पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी येतात, सरकारी दवाखान्यात फुकट. काही दिवस जड उचलायचं नाही, मग शेतातली सगळी कामं पहिल्यासारखी. इच्छा, ताठरता, दाढी-मिशी कशावरच परिणाम होत नाही कारण फक्त शुक्राणूंची नळी बंद होते, हार्मोन तसेच राहतात. दोन गोष्टी मात्र डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, एक म्हणजे पहिले तीन महिने निरोध वापरावाच लागतो आणि नंतर वीर्याची तपासणी करून खात्री करायची, दुसरं म्हणजे हे कायमचंच समजून करायचं, परत जोडणं अवघड असतं.

मिस्टरांची भीती कुठून आलीय तेही समजून घेऊ. आणीबाणीत, विशेषतः १९७६ ला, पुरुषांना धरून धरून नसबंद्या केल्या गेल्या, लाखोंनी. त्या सक्तीची दहशत वडिलांकडून मुलांकडे आली, आणि नसबंदी झालेला म्हणजे अर्धा पुरुष असं डोक्यात बसलं ते बसलंच. त्याची किंमत कोण मोजतंय बघा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेत लग्न झालेल्या बायकांत स्वतः ऑपरेशन करून घेतलेल्या ३७.९ टक्के आणि ज्यांच्या नवऱ्याने करून घेतलं अशा फक्त ०.३ टक्के. पोट फाडून घ्यायला बायका आणि ज्याचं ऑपरेशन सोपं तो घरी.

आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, आणि स्वतःवर हे ऑपरेशन करून घेतलं. वाचकांच्या अशाच प्रश्नांना मासिकात उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, १९३४ ला कोर्टात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, केस हरले, दंड भरला. हे सदर लिहायला बसलो की मला दरवेळी ते आठवतात, त्यांनी ज्याच्यासाठी दंड भरला ते मी आज आरामात खुर्चीत बसून लिहितोय.

मिस्टरांना एकटं पाठवू नका, दोघं मिळून जा आणि शक्य असेल तर पुरुष डॉक्टरला आधी भेटा, ज्याच्याकडे शेतकरी पेशंट येतात असा असेल तर उत्तम. आणि गावात कळायचं कारण नाही. तुमच्या पोटावर दोन टाक्यांच्या रेघा आहेत त्या मात्र त्यांनी एकदा नीट बघाव्यात, हे माझ्या वतीने सांगा.

"वय ४६. धंदा बसलाय, उधारी झालीय. घरी कुणाला माहीत नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवसभर फिरतो. उधारीची वही दुकानाच्या ड्रॉवरमध्ये लपवून ठेवलीय. रडायला येतं पण येत नाही. बापाने शिकवलं होतं की घरच्या पुरुषाने डगमगायचं नसतं. कधीकधी वाटतं सगळं संपवून टाकावं." – नाव नको

भाऊ, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी तुम्ही दिलेल्या नंबरवर आम्ही फोन केला होता, तुम्ही उचलला, बोललात, त्याबद्दल तुमचे आभार. इथं छापतोय ते तुमच्या परवानगीने, कारण असा डबा घेऊन फिरणारे अजून कितीतरी जण हे वाचत असतील.

२०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यातले शंभरात बहात्तर पुरुष होते. त्यात किती जणांनी आधी कुणाला काही सांगितलं असेल, मला माहीत नाही, पण तुमच्यासारखे किती गप्प राहिले असतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल. तुमच्या वडिलांनी शिकवलं ते त्यांना कुणीतरी शिकवलं होतं, त्यांचा राग नका धरू. पण त्यांच्यावर पण कधी असा दिवस आला असेल आणि त्यांनी कुणाला सांगितलं नसेल, ही शक्यता मनात धरून बघा.

कर्ज हा आकडा आहे, आकड्यावर माणसं बसून तोडगा काढतात, हप्ते पाडून घेतात, दुकान भाड्याने देतात, भावाशी बोलतात. ते एकट्याने डोक्यात होत नाही. मनात परत तसा विचार आला, रात्री दोनला आला तरी, १४४१६ ला फोन लावा, टेली मानस म्हणून सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची गरज नाही. आणि एखाद्या क्षणी फारच अंगावर आलं तर एकटे थांबू नका, शेजाऱ्याकडे जाऊन बसा, जवळच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये जा.

फोनवर तुम्ही म्हणालात, बायकोला सांगितलं तर ती कोलमडेल. तुम्हीच लिहिलंय की ती रोज डबा भरते. मला वाटतं, डबा जवळजवळ तसाच परत येतोय हे तिच्या कधीच लक्षात आलंय आणि ती वाट बघतेय. आज दुकानातून ती वही घरी घेऊन या. मुलं झोपली की टीव्ही बंद करा, वही तिच्यासमोर ठेवा आणि पहिलं पान तिला उघडू द्या. उद्या दुपारी मी परत फोन करतोय, तोच नंबर, उचला.